कढत पाणी आणि कोमट मंडळी

शास्त्रपाठ : प्रकटीकरण ३:१४–२२. सोबत कलस्सैकरांस ३:११ व गलतीकरांस २:११–१४ ही वचने घरी उघडून वाचावीत.



गेल्या एप्रिल महिन्यात पाळकांच्या एका मेळाव्यानिमित्त आम्हांस पंजाबात जाण्याचा योग आला. मेळावा आटोपला, आणि परतीच्या गाडीस तीन दिवसांचा अवकाश उरला. तेथील एक पाळकबंधू म्हणाले, "इतक्या लांब आलाच आहात, तर मणिकर्ण पाहून जा. तेथे प्रभूने सरपणावाचून चूल पेटवून ठेविली आहे." हे शब्द ऐकून आमचे कुतूहल जागे झाले, व त्याच रात्री आम्ही बसने कुलूच्या वाटेस लागलो. तेथे जे पाहिले ते निव्वळ प्रवासवर्णन म्हणून सांगण्याचा आमचा हेतु नाही. त्या गावी प्रभूने आमच्या एका जुन्या पापावर बोट ठेविले. तेच आज आपल्यापुढे उघड करावयाचे आहे.

हिमाचल प्रदेशाच्या कुलू जिल्ह्यात भुंतर नावाचे गाव आहे. तेथे ब्यास नदीस पार्वती नदी येऊन मिळते. ह्या पार्वती नदीच्या काठाकाठाने सुमारे ३५ किलोमीटर वर चढत गेले म्हणजे मणिकर्ण लागते. रस्ता अरुंद आहे. एका अंगास तुटलेला कडा, दुसऱ्या अंगास खोल दरी, आणि खाली खडकांवर आपटत जाणाऱ्या पाण्याचा असा घोष की, शेजारच्या मनुष्याशी बोलावयाचे तर कानाशी तोंड न्यावे लागते. देवदाराची झाडे उतरणीवर सरळ उभी आहेत आणि त्यांच्यामागे बर्फाची शिखरे दिसतात. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५,७०० फूट उंचीवर आहे. दोन डोंगरांच्या चिमटीत, नदीच्या कडेने, घरे, दुकाने, धर्मशाळा, राममंदिर, शिवमंदिर व शिखांचा गुरुद्वारा अशी सर्व दाटीवाटीने बसली आहेत. प्रथम दृष्टीस पडते ती वाफ. जणू काय गावातील प्रत्येक घरी एकाच वेळी मोठा स्वयंपाक मांडला आहे, अशी ती पांढरी वाफ दगडांच्या फटींतून व नदीच्या काठाने एकसारखी वर येत असते.

आम्ही पुलावर उभे राहून पाहिले. पुलाखालचे पाणी बर्फ वितळून आलेले. काठावर उतरून त्यात हात घातला, तो क्षणात बोटे बधिर झाली. आणि त्याच नदीच्या काठाशी, हाकेच्या अंतरावर, खडकातून कढत पाणी बुडबुडत वर येत होते. त्या उंचीवर पाणी सुमारे ९४ अंशांवरच उकळू लागते, आणि तेथील काही झरे जवळजवळ त्या मर्यादेस पोहोचलेले आहेत. लोक तांदूळ व हरभरे फडक्याच्या पुरचुंडीत बांधून, दोरी लावून कुंडात सोडितात, आणि थोड्याच वेळात शिजलेले अन्न वर ओढून घेतात. गुरुद्वाऱ्यातील डाळभाताची मोठमोठी भांडी, तोंडे झाकून, त्याच पाण्यात उभी केलेली असतात. स्नानाच्या कुंडांत थंड पाणी मिसळल्यावाचून कोणाच्याने उतरवत नाही.

ह्या पाण्याविषयी तेथे एक प्राचीन कथा सांगतात. पार्वतीच्या कानातील मणी पाण्यात हरपला, तो पाताळी शेषाच्या हाती लागला, आणि शंकराच्या कोपाने भय पावून शेषाने फूत्कार टाकिला. त्याबरोबर ऊन पाणी व रत्ने उसळून वर आली, अशी ती कथा आहे, व त्यावरूनच गावास हे नाव पडले असे म्हणतात. शीख बांधव सांगतात की, गुरु नानक आपला सोबती मर्दाना ह्यासह येथे आले, आणि विस्तवावाचून भाकरी ह्याच पाण्यात शिजल्या. आपल्या वाचकांपैकी कित्येकजण विचारतील की, खरे कारण काय? भूगर्भशास्त्रज्ञ ते पुढीलप्रमाणे सांगतात. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस व वितळलेले बर्फ खडकांच्या भेगांतून खोल मुरत जाते. जमिनीत जितके खोल जावे तितकी उष्णता वाढते. साधारणपणे दर किलोमीटरास २५ ते ३० अंश. हिमालयाखाली भूखंडाचे दोन प्रचंड थर कोट्यवधी वर्षे एकमेकांवर रेटत आहेत, त्यामुळे तेथील खडक फार भेगाळलेले आहेत. ४ एप्रिल १९०५ रोजी कांगड्याचा जो भयंकर भूकंप झाला व ज्यात सुमारे २०,००० मनुष्ये दगावली, तोही ह्याच रेट्याचा परिणाम. खोल गेलेले पाणी तेथे पुष्कळ काळ राहाते, तापते, आणि दुसऱ्या एखाद्या भेगेने जोराने वर येते. आपल्या देशात असे तीनशेहून अधिक झरे आहेत. आपल्याच इलाख्यात ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, पालीजवळचे उन्हेरे, महाडजवळचे साव, रत्नागिरीकडील उन्हवरे, तुरळ, राजवाडी व राजापूरचे उन्हाळे, आणि खानदेशातील उनपदेव ही ठिकाणे वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक असतील.

हे समजल्यावर आम्ही त्या पुलावर पुष्कळ वेळ उभे राहिलो. कारण एक गोष्ट मनात भरली. नदीचे गार पाणी व कुंडाचे कढत पाणी ही मुळात निराळी नव्हेत. दोन्ही एकाच बर्फाची लेकरे. एक वरच्यावर वाहात आले, म्हणून गार राहिले. दुसरे खोल गेले, अंधारात दीर्घकाळ थांबले, म्हणून त्यास धग लाभली. आणि दोन्ही उपयोगाची आहेत. गार पाण्यावर दरीतील शेते व फळबागा पोसल्या जातात. कढत पाण्यावर शेकडो वाटसरूंचे अन्न शिजते. निरुपयोगी पाणी आम्हांस तेथे एकच दिसले. रस्त्याच्या कडेच्या गटारीत दोन्ही पाणी मिसळून कोमट होऊन वाहात होते. त्याकडे कोणी तांब्या घेऊन जात नव्हता.

दुपारी आम्ही गुरुद्वाऱ्यातील लंगरात जेवावयास बसलो. लंगर म्हणजे येईल त्यास मोफत अन्न वाढण्याची शिखांची रीत. ती गुरु नानकांच्या काळापासून चालत आली आहे. आणि तिसरे गुरु अमरदास ह्यांच्या दारी, आधी सर्वांबरोबर पंगतीस बसावे, मगच गुरूची भेट घ्यावी, असा दंडक होता असे सांगतात. डोके झाकून, पादत्राणे बाहेर ठेवून, आम्ही लांब पट्टीवर मांडी घालून बसलो. आमच्या डाव्या हातास एक मालमोटार हाकणारा पंजाबी होता. उजव्या हातास रस्त्यावर खडी फोडणारा एक नेपाळी मजूर, त्याच्या अंगावरची धूळ अजून झाडलेली नव्हती. समोर एक श्रीमंत कुटुंब, अंगावर भारी लोकरीची वस्त्रे. वाढपी आला. सर्वांनी दोन्ही हात पुढे केले, आणि सर्वांच्या हातावर सारखीच रोटी पडली. आम्हांस कोणी नाव विचारिले नाही, गाव विचारिले नाही, जात विचारिली नाही. शिखांची श्रद्धा व आमची श्रद्धा ह्यांत अंतर आहे, आणि ते आम्ही लपवीत नाही. परंतु जे चांगले दिसले त्यास चांगले म्हणण्यास ख्रिस्ती मनुष्याने कचरू नये. पहिला घास हातात घेतला, आणि तो तोंडाशी नेववेना. कारण त्या पंगतीत बसलो असता दुसऱ्या एका पंगतीची आम्हांस आठवण झाली.

बंधुभगिनींनो, ही आठवण सांगावयास आम्हांस लाज वाटते; परंतु न सांगणे हे त्याहून वाईट. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या देखरेखीखालील एका लहान गावी सुगीचा उपकारस्तुतीचा सण होता. त्या मंडळीत पूर्वाश्रमीच्या दोन जातींची घराणी आहेत. एकीची घरे पुष्कळ, दुसरीची तीनचार. दोघांचे आजेपणजे एकाच प्रभूच्या नावाने एकाच पाण्याने बाप्तिस्मा पावलेले. उपासना उत्तम झाली. आम्ही ऐक्यावर उपदेश केला, आणि पुष्कळांनी मान डोलाविली. धान्याची अर्पणे वेदीपुढे रचली गेली. त्यात दुसऱ्या आळीतील एका म्हाताऱ्या विधवेने डोक्यावरून आणिलेली दोन पायल्या बाजरी होती. नंतर मंडपात पंगत मांडली. ती विधवा आपल्या लहान नातवास घेऊन आली, तेव्हा एका पंचाने हात दाखवून तिला बाहेरच्या ओसरीवर, जेथे लोकांची पायताणे पडली होती त्याच्या शेजारी, बसविले. तिच्या आळीतील इतर माणसेही मुकाट्याने तेथेच जाऊन बसली. तिने अर्पिलेली बाजरी आत वेदीपुढे होती, आणि ती स्वतः बाहेर.

आम्ही हे पाहिले. पंचांकडेही पाहिले. ते म्हणाले, "पाळकसाहेब, त्यांना तिकडंच बरं वाटतं. पहिल्यापासून असंच आहे." आम्ही मनात म्हणालो, आता सणाच्या दिवशी तंटा नको, जेवणे होऊ द्यावी, मग सावकाश बोलू. आम्ही जेवलो. पानात गोड होते, तेही खाल्ले. आणि मग आम्ही बोललो नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या महिन्यातही नाही. त्यानंतर ती विधवा प्रभुभोजनास येईनाशी झाली, आणि पाठोपाठ तिचे सर्व घर येईनासे झाले. वर्षअखेर मंडळीची नोंदवही भरताना त्या घराच्या नावापुढे आम्ही आपल्याच हाताने एक शेरा लिहिला, "विश्वासात थंडावले."

मणिकर्णच्या त्या पंगतीत बसलो असता हा शेरा आमच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. थंडावले कोण? ती की आम्ही? आणि लावदिकीया येथील मंडळीस प्रभूने जे पत्र पाठविले ते आम्हांस पहिल्यानेच समजले असे वाटले.

त्या पत्राचा अर्थ ध्यानी येण्यास लावदिकीया नगराची माहिती असणे अवश्य आहे. आज ज्यास तुर्कस्तान म्हणतात त्या देशाच्या पश्चिम भागात, लायकस नदीच्या खोऱ्यात, हे नगर होते. तेथे सावकारी मोठी, काळ्या लोकरीचा व्यापार मोठा. वैद्यकीची शाळा होती, आणि त्या प्रांतातील डोळ्यांचे औषध दूरवर प्रसिद्ध होते. इसवी सन ६० मध्ये भूकंपाने नगर पडले, तेव्हा रोमी सरकारची मदत न घेता लोकांनी स्वतःच्या पैशाने ते पुन्हा बांधिले, असे इतिहासकार टॅसिटस लिहितो. आम्हांस काही उणे नाही, अशी जी बढाई प्रभु त्या मंडळीच्या तोंडी घालितो, तिचे मूळ येथे आहे. परंतु ह्या संपन्न नगरास एक मोठी उणीव होती. त्याच्यापाशी चांगले पाणी नव्हते. उत्तरेस सुमारे १० किलोमीटरांवर डोंगराच्या कडेला हेरापली नगर, तेथे ऊन पाण्याचे झरे. आजही ते वाहातात, आणि त्यांतील चुन्याने सारी उतरण कापसासारखी पांढरी झाली आहे. रोगी मनुष्ये तेथे अंग शेकावयास जात. पूर्वेकडे काही कोसांवर कलस्सै नगर, तेथे डोंगरातून येणारे गार पाणी. मध्ये लावदिकीया. तेथील लोकांनी दक्षिणेकडच्या झऱ्यांचे पाणी दगडी नळांतून कोसांवरून आणिले. ते नळ आजही तेथे पडलेले आहेत, आणि त्यांच्या आत चुन्याचे जाड थर बसलेले दिसतात. पोहोचेपर्यंत ते पाणी ना कढत राही ना गार, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात.

आता प्रभूच्या शब्दांकडे पाहा. आपण बहुधा असे समजतो की, कढत म्हणजे उत्साही विश्वासी, थंड म्हणजे अविश्वासी, आणि कोमट म्हणजे मधला. परंतु तसे असते, तर तू थंड तरी असतास तर बरे होते, असे प्रभु का म्हणेल? त्या खोऱ्यातील मनुष्यास हे समजावून सांगावे लागत नव्हते. कढत पाणी दुखणाइतास हवे, गार पाणी तहानलेल्यास हवे. कोमट पाणी कोणासच नको. तोंडात घेतले की ते बाहेर टाकावेसे वाटते. म्हणून कोमट मंडळी म्हणजे थोडी प्रार्थना कमी करणारी मंडळी नव्हे. जिच्यापाशी दुखावलेला गेला तर त्यास शेक मिळत नाही, आणि थकलेला गेला तर त्यास गारवा मिळत नाही, ती कोमट मंडळी. ती विधवा दुखावली होती. तिला आमच्यापाशी शेक मिळाला नाही. आम्ही कढत होऊन पंचांस अडविले नाही, गार पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर तिच्या शेजारी जाऊन बसलो नाही. आम्ही मध्ये राहिलो, आणि ह्या मध्ये राहाण्यास आम्ही शांतता असे नाव दिले.

कोमटपणा येतो कोठून? लावदिकीयाचे पाणी झऱ्यापाशी वाईट नव्हते. ते दगडी नळांतून लांब वाहात आले, आणि वाटेत दगडाचा गुण त्यास लागला. चुना एका दिवशी बसत नाही. रोज कागदाएवढा पातळ थर बसतो, तो कोणास दिसत नाही, आणि एक दिवस नळ बुजतो. आपल्या मंडळ्यांत असेच होते. आमच्या वडीलधाऱ्यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांची विहीर बंद झाली, बलुते बंद झाले, कित्येकांस गाव सोडावे लागले. तरी ते एका ताटात जेवले. आपण त्या झऱ्यापासून पिढ्यांच्या अंतराने दूर आलो. वाटेत "पहिल्यापासून असंच आहे" हा एक थर बसला. "लग्नसंबंधास अडचण येईल" हा दुसरा. "सणाच्या दिवशी तंटा नको" हा तिसरा. आणि हा तिसरा थर आम्हां पाळकांच्या हातून बसतो.

ह्यात आपण पहिलेच नव्हे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवीत असे. याकोबाकडून काही माणसे आली, आणि त्यांच्या भीतीने तो हळूच मागे सरला व निराळा बसू लागला. त्याने तोंडाने काही खोटे शिकविले नाही. त्याने केवळ बसण्याची जागा बदलली. परंतु पौलाने तेवढ्यावरून सर्वांच्या देखत त्यास दोषी ठरविले, आणि हे सुवार्तेच्या सत्याप्रमाणे चालणे नव्हे असे म्हटले. पंगतीचा प्रश्न हा रीतिभातीचा किरकोळ प्रश्न आहे, असे ज्यांस वाटते त्यांनी हा अध्याय पुनःपुन्हा वाचावा. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जेथे हेल्लेणी व यहूदी, दास व स्वतंत्र असा भेद उरत नाही असे पौलाने कलस्सै येथील मंडळीस लिहिले, तेच पत्र लावदिकीयाच्या मंडळीतही वाचून दाखवा, अशी त्याने शेवटी आज्ञा केली आहे. म्हणजे लावदिकीयाच्या लोकांनी ते ऐकिले होते. आम्हीही ऐकिले आहे. ऐकून कोमट राहिलेल्यास न ऐकल्याची सबब उरत नाही.

मग उपाय काय? पत्राच्या अखेरीस प्रभु स्वतःच तो सांगतो, आणि ह्याच ठिकाणी आमच्या डोळ्यांस पाणी आले. प्रभु दाराशी उभा राहून ठोकीत आहे. हे वचन आपण बहुधा ख्रिस्त न जाणणाऱ्यांस सांगतो. परंतु ते लिहिले आहे मंडळीस. म्हणजे मंडळी आत जमली आहे, गीते चालू आहेत, आणि मंडळीचा प्रभु बाहेर! आणि दार उघडणाऱ्यास तो काय देऊ करितो? तो आत येऊन त्याच्याबरोबर जेवील. राज्य नव्हे, चमत्कार नव्हे. आरंभी एक पंगत. आम्हांस त्या ओसरीची आठवण झाली. आम्ही आत जेवीत होतो, आणि बाहेर पायताणांच्या शेजारी एक म्हातारी व एक लेकरू बसले होते. अगदी बारक्यांपैकी एकास जे केले ते मला केले, असे ज्याने सांगितले तो त्या दिवशी आमच्या मंडपात आत होता, की बाहेर ओसरीवर?

घरी परतल्यावर आम्ही प्रथम त्या विधवेच्या घरी गेलो. ती दारात शेण्या थापीत होती. आम्हांस पाहून तिने हात धुतले व म्हणाली, "बसा, पाळकसाहेब. पाट न्हाई, घोंगडं हाय." आम्ही घोंगड्यावर बसलो आणि म्हणालो, "मावशी, त्या सणाच्या दिवशी आम्ही पाहिले होते, आणि गप्प राहिलो. आमचे चुकले." ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुम्ही बघितलं व्हतं, हे मला ठावं हाय. म्हणूनच तर आले न्हाई. तुम्ही बघितलं नसतं, तर आले असते." ह्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. तिने चुलीवरची भाकरी व कोरड्यास पुढे ठेविले. आम्ही व तिचा नातू एकत्र जेवलो. निघताना तिने येईन असे म्हटले नाही, येणार नाही असेही म्हटले नाही. आम्ही घरी येऊन नोंदवही काढिली आणि तो शेरा खोडिला. त्या जागी दुसरे काय लिहावे हे सुचेना, म्हणून ती जागा कोरी ठेविली आहे.

नंतर पंचांची बैठक बोलाविली आणि आपला अपराध प्रथम त्यांच्यापुढे कबूल केला. मग सांगितले की, येत्या सुगीच्या सणास एकच पंगत बसेल, ओसरीवर पान मांडले जाणार नाही, आणि वाढावयास दोन्ही आळींची माणसे असतील. पाच पंचांपैकी दोघे उठून गेले. एकजण खाली मान घालून बसून राहिला. दोघे म्हणाले, "आम्ही तुमच्यासंगं आहोत." सणास अजून अवकाश आहे. त्या पंगतीस दहा माणसे येतील की शंभर, हे आम्ही जाणत नाही. आमचे पान कोठे मांडावयाचे, एवढे मात्र आम्ही ठरविले आहे.

सुवार्तिक बंधूंनो, बायबलबाई भगिनींनो, आपण खेडोपाडी ह्या कळपाची राखण करिता, म्हणून शेवटचे शब्द आपल्यासाठी. आपापल्या मंडळीतील पाण्यात एकदा हात घालून पाहा. उपासनेच्या ठिकाणी पिण्याचा माठ एकच आहे की दोन? प्रभुभोजनाचा प्याला कोणापासून सुरू होतो, आणि कोणासाठी शेवटी उरतो? कोणाच्या घरची पाळकभेट आपण दारातच उरकिता? मयत झाल्यास सर्व आळींची माणसे खांदा देतात काय? आणि आपल्या नोंदवहीत ज्यांस आपण थंडावलेले म्हणून लिहिले आहे, त्यांच्या घरी बसून, त्यांची भाकरी खाऊन, ते का येत नाहीत हे आपण कधी विचारिले आहे काय?

हे करावयास जी धग लागते ती आपल्या अंगची नव्हे, हे आम्ही जाणतो. मणिकर्णचे पाणीही स्वतःच्या बळाने कढत झालेले नाही. ते वरून पडलेले साधे बर्फच. पण ते खोल गेले आणि तेथे थांबले. एपफ्रास हा सेवक कलस्सै, लावदिकीया व हेरापली ह्या तिन्ही ठिकाणच्या लोकांसाठी प्रार्थनेत झगडत असे, अशी पौलाने त्याच्याविषयी साक्ष दिली आहे. आपणही प्रथम गुडघ्यांवर खोल जाऊ या, आपला दोष तेथे कबूल करू या, आणि मग उठून दार उघडू या. कारण ज्याने लावदिकीयाच्या कोमट मंडळीस ओकून टाकण्याचा धाक घातला, त्यानेच तिच्या दाराशी उभे राहून ठोकणे सोडिले नाही. ज्यांच्यावर मी प्रीति करितो त्यांसच मी शिक्षा करितो, असे तो त्याच पत्रात म्हणतो. तो आज आपल्या ओसरीवर उभा आहे. त्यास आत घ्यावयाचे, तर त्याच्याबरोबर ओसरीवर जे जे बसले आहेत त्या सर्वांस आत घेतले पाहिजे.

प्रभु आपणांस ती धग देवो. आमेन.